अर्धी घसरगुंडी

बेस्ट, १४ एप्रिल

चि. प्रतीकला आजीचा आशीर्वाद.

विसरभोळ्या, मी तुझी आजी. जुन्नरची. मार्चच्या सुरुवातीला तूच मला विमानतळावरून बेस्ट नावाच्या या डच गावात, या घरी आणलीस आणि वीस-पंचवीस दिवसांनी इथेच विसरून निघून गेलास. छत्री विसरतात तशी. म्हणून म्हटलं, आधी ओळख करून द्यावी.

पत्र शर्मिला लिहिते आहे. मला अक्षर येत नाही आणि मराठी लिहिणारं या घरात दुसरं कोणी राहिलेलं नाही. नवऱ्याला पत्र लिहायला बायको तयार नव्हती. मी म्हटलं, "अगं, तू कुठे लिहितेस? लिहिणारी मी. तुझा नुसता हात." तेव्हा कुठे बसली. तोंड पाडून बसली आहे, हेही लिही म्हटलं. लिहिलं म्हणते. मला काय कळतंय?

फोन कर म्हणू नकोस. फोन कानाला लावला की आत माशी शिरल्यासारखं होतं, आणि पडद्यावर तू नुसता हसतोस. तुझं हसणं मी पोटभर पाहिलं आहे. आता जरा बोल.

तुम्ही भांडलात ते इंग्रजीत. म्हातारीला कळू नये म्हणून. कशावरून ते खरंच कळलं नाही, पण भांडण कुठल्याही भाषेत सारखंच दिसतं रे. दुसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस आणि "ऑफिस लांब पडतं" म्हणालास. इतकी वर्षं पडत नव्हतं, त्याच दिवशी पडलं.

आता कामाचं. मागच्या अंगणात तू पोरांसाठी घसरगुंडी बांधायला घेतलीस. चार खांब उभे केलेस, शिडी लावलीस, वर बसायला फळ्या ठोकल्यास. घसरायची फळी कुठे आहे? जुई आणि सारंग एका बाजूने चढतात आणि त्याच बाजूने उतरतात. याला आमच्याकडे माळा म्हणतात. जुई शाळेतून आली की डबा घेऊन वर जाऊन बसते. आठ वर्षांची पोर, पण बसते अशी की जणू राखण करते आहे. सारंग वरून बटाटे सोडतो. चार वर्षांचा आहे, त्याला काहीतरी खाली गेलेलं बघायचं असतं.

एक जूनला माझं विमान आहे, त्यापुढे व्हिसावाले मला इथे ठेवून घेत नाहीत. त्याआधी तू या घरात जेवायला बसलेला मला बघायचा आहेस. फळी हे निमित्त धर. तुझ्या आईला पुण्याला मी यातलं काही कळवलेलं नाही.

खाली बोट टेकवलं आहे. शाई नव्हती, हळद होती.

तुझी आजी

*

डीमन, १९ एप्रिल

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून दचकलो. मग आत तू निघालीस.

मी बरा आहे. खोली चौथ्या मजल्यावर आहे, खाली ट्राम जाते. स्वयंपाकघर आणखी दोघांबरोबर वापरावं लागतं. त्यातला एक सगळ्यात अंडं घालतो. ऑफिस इथून जवळ, स्लोटरडाइकला. बेस्टहून रोज येऊन-जाऊन तीन तास मोडतात, म्हणून ही सोय. बाकी काही नाही. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

घसरायची फळी मागच्या खोपटात भिंतीला टेकवून ठेवली आहे. तयारच आहे म्हण ना. दोन-चार बारीक कामं राहिली आहेत. २६ तारखेला, शनिवारी, येतो आणि बसवून टाकतो. पोरांना सांगून ठेव.

गुडघ्याला तेल लावतेस ना? बाहेर जाताना मफलर घे. इथलं ऊन नुसतं दिसायला असतं.

(शर्मिला, एवढं आजीला वाचू नकोस. शनिवारी मी आलेलं तुला चालेल का? मेसेज कर. आला नाही तर नको आहे असं समजेन.)

तुझा,
प्रतीक

*

बेस्ट, २९ एप्रिल

प्रतीक,

आशीर्वाद या वेळी उधार.

शनिवारी इथे राजाचा वाढदिवस. सगळी गल्ली केशरी, इथल्या राजाचा रंग तो. पोरं रस्त्यावर चादरी अंथरून जुनी खेळणी विकायला बसली होती. जुईनेही तिची चादर आठवड्याआधी घडी करून ठेवली होती, पण ती गेली नाही. बाबा येईल आणि आपण घरात नसू, म्हणून. दोघं केशरी सदरे घालून, पायात बूट चढवून खिडकीत बसली होती. सारंग बुटांसकट तिथेच झोपला. सोडवायला गेले तर झोपेतच पाय मागे घेतला त्याने.

आता ऐक. तुझं पत्र वाचताना शर्मिलाला शेवटाशी ठसका लागला. पाणी प्यायला गेली आणि परत आली ती थेट तुझ्या नावावर आली. बाळा, मला अक्षर येत नाही, पण डोळे ओळीवर फिरताहेत आणि तोंड गप्प आहे, एवढं मला दिसतं. तेव्हा मी ते सोडून दिलं. शनिवार असा गेल्यावर मात्र तिला समोर बसवलं. तेव्हा सांगितलं तिने.

तू विचारलंस, येऊ का. तिने उत्तर दिलं नाही, कारण तिचं म्हणणं, बापाला स्वतःच्या पोरांकडे यायला परवानगी कसली, यायचं असेल तर येईल. तू समजलास, नको आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बूट घालून कोण बसलं? पोरं.

मी इथे पाहुणी आहे. मला कोणाची बाजू घ्यायची नाही. पण मी गेल्यावर तुम्ही एकमेकांना कोणाच्या नावाने पत्रं लिहिणार आहात? म्हातारी एकच आहे आणि तिचं तिकीट काढून झालं आहे.

ही लिहिताना आत्ता दोनदा थांबली. मी सांगितलेलं सगळं लिहिलं का म्हटलं, तर "हो आजी" म्हणाली. "हो आजी" म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती.

आजी

ता. क. आजींनी सांगितलेल्या दोन ओळी मी लिहिलेल्या नाहीत. — श.

*

डीमन, ६ मे

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

शनिवारचं माझं चुकलं. गाड्यांना गर्दी होती वगैरे लिहिणार होतो. गर्दी होती, पण मी स्टेशनवर गेलोच नव्हतो. फोन हातात धरून बसलो होतो.

कोणत्या दोन ओळी? आजी, तू काय सांगितलं होतंस? आठवत असेल तर सांग. आठवडाभर माझं त्याच्याशिवाय कशात लक्ष नाही. मीटिंगमध्ये कोणी बोलत असलं तरी मी ओळीच मनाने रचत बसतो. कधी चांगल्या रचतो, बहुतेक वाईट.

भांडण कशावरून झालं, ते मीच सांगतो. शर्मिलाच वाचून दाखवते आहे, तेव्हा मी खोटं लिहिलं तर तिला कळेल. आणि खरं लिहिलं तर निदान तिने ते मोठ्याने वाचलेलं असेल.

स्लोटरडाइकच्या या नोकरीवर मी जानेवारीत सही केली. पद मोठं आहे. म्हटलं, घर इकडेच कुठेतरी बघू. शर्मिलाला सांगितलं नाही. ती माझ्यामागून डिपेंडंट म्हणून या देशात आली, चार वर्षं घरात बसली, मग डच शिकली, आणि बेस्टच्या पाळणाघरात तिला पक्की नोकरी लागून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तिने पेढे केले होते. पेढे खाता खाता कसं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

आणि लगेच फेब्रुवारीत मी घसरगुंडीचं लाकूड आणलं.

का आणलं, हे तिने मला विचारलं होतं, इंग्रजीत. उत्तर आत्ता लिहितो. मला वाटतं, मी स्वतःला मुदत घालून घेतली होती. घसरगुंडी पूर्ण होईल त्या दिवशी सांगायचं. मग ती पूर्ण होऊ नये असंच मला वाटायला लागलं. तू आलीस तेव्हा मी दर शनिवारी तीच शिडी घासत होतो, आठवतं? तू म्हणालीस, "अरे, झिजून जाईल." मी घासतच होतो. शर्मिला मला चहा आणून द्यायची. तिला वाटायचं, इतक्या मनापासून बांधतोय म्हणजे आता आपण इथेच राहणार. एकदा तसं म्हणालीसुद्धा. मी मान हलवली, आजी. तोंडाने काही बोललो नाही, पण मान हलवली.

मार्चच्या शेवटी नव्या ऑफिसचं पाकीट घरी आलं आणि ते तिने उघडलं. पुढचं तू पाहिलंस.

आता फळी बसवली तर आपण राहतो आहोत असं होतं. खांब उपटले तर जातो आहोत असं. घर भाड्याचं आहे. सोडायचं तर मालकाला अंगण पूर्वीसारखं करून द्यावं लागतं. म्हणून मी येत नाही. आलो की दोन्हींपैकी एक करावं लागेल, आणि एकट्याने ठरवायची मला आता भीती वाटते.

तुझा,
प्रतीक

*

बेस्ट, १३ मे

चि. प्रतीक,

हे अक्षर शर्मिलाचं नाही. घाबरू नकोस, ती बरी आहे. पलीकडच्या गल्लीतली योगिनी लिहिते आहे, इथल्या मराठी मंडळींना डबे पुरवते ती. मेथी निवडायला मी मदत करते म्हणून बसवलं तिला, आणि मेथी बाजूला सारून हातात पेन दिलं.

तुझं पत्र शर्मिलाने मोठ्याने वाचायला घेतलं. मान हलवलीस तिथपर्यंत वाचलं. मग कागद घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि मागच्या दाराने गेली. राहिलेलं आत्ता योगिनीने वाचून दाखवलं. म्हणजे खांब उपटायची आणि एकट्याने ठरवायची गोष्ट शर्मिलाने वाचलेलीच नव्हती. ती मधूनच उठली आणि तिने एकटीने ठरवलं.

रविवारी सकाळी खोपटातून ती फळी ओढत बाहेर आणली. शेजारच्या आजोबांचं ड्रिल मागून आणलं. मी म्हटलं, "शर्मिला, कशाला गं?" तिच्या दातांत स्क्रू होते. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुपारपर्यंत फळी बसवली. घट्ट बसवली, मी हलवून पाहिली. पोरं नाचायला लागली. पहिली जुई गेली, हात पसरून, खाली येऊन उभी राहिली. मीही टाळ्या वाजवल्या.

मग सारंग आला. हलकं पोर. फळी जिथे संपली तिथे तो थांबला नाही, सरळ पुढे गेला आणि फरशीवर हनुवटीवर आपटला.

तीन टाके पडले. आता खेळतो आहे, सगळ्यांना हनुवटी वर करून दाखवतो, डचमधून. दात शाबूत आहेत. काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, कर थोडी.

शर्मिला म्हणाली, "आजी, प्रतीकला सांगायचं नाही." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुझ्यासारखी मान हलवली. आणि आता सांगते आहे. ती कामावर गेली आहे. या घरात न सांगण्यानेच इतकं झालं आहे, त्यात मी आणखी भर घालणार नाही.

त्या दोन ओळी मला पक्क्या आठवतात. पण तुला सांगणार नाही. ज्या हाताने त्या गाळल्या, त्या हाताकडे माग.

योगिनी म्हणते, ती कोणापाशी बोलणार नाही. बघू.

आजी

*

बेस्ट, १५ मे

प्रतीक,

हे आजींचं पत्र नाही. माझं आहे.

योगिनीने तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण आज पाळणाघराच्या दाराशी मुलाला सोडायला आलेल्या निशिगंधाने मला विचारलं, "सारंग कसा आहे? आणि प्रतीक खरंच तिकडे राहतो का गं?" दोन दिवस, प्रतीक. बेस्टमध्ये आपली माणसं आहेत किती, आणि त्यांना पुरले दोन दिवस. घरी आल्यावर मी आजींना म्हटलं, घरचं बाहेरच्या बाईकडून का लिहून घेतलंत? त्या म्हणाल्या, घरची बाई लिहीत नव्हती म्हणून. मी त्यांच्याशी बोलत नाहीये. त्या माझ्याशी बोलताहेत. मी जेवले की नाही हे त्या सारंगला विचारायला लावतात, आणि तो मला डचमधून विचारतो.

फळी मीच बसवली. तुझं पत्र अर्धंच वाचलं होतं. मला एवढंच दाखवायचं होतं की हे काम एका दिवसाचं होतं. ज्यासाठी तू दोन महिने घासत बसलास ते मी एका सकाळी करून दाखवीन. दाखवलं. खाली सपाट तुकडा लागतो, मुलाचा वेग तिथे कमी होतो, हे मला हॉस्पिटलमधून आल्यावर कळलं, खोपटात तो तुकडा कापून ठेवलेला दिसला तेव्हा. तू लिहिलं होतंस, "दोन-चार बारीक कामं". बारीक होतं का ते? तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. टाके त्याला पडले. टाके घालताना तो तुला हाक मारत होता. मी तिथे असून. हे लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून योगिनीचं पत्र माझ्या आधी पोचलं.

त्या दोन ओळी. पहिली ही, की मी कुकरला अजून तुझ्या वाटणीचे तांदूळ घालते. खरं आहे. पण प्रेमाने नाही, हात सवयीने घालतो. दुसऱ्या दिवशी त्या भाताला फोडणी देऊन मी डब्यात नेते आणि रोज नेताना मला राग येतो. दुसरी ओळ सांगणार नाही. अजून तरी नाही.

मला माफी नको आहे. तू फार छान मागतोस. मला हवं होतं की तू विचारावंस. जानेवारीत विचारलं असतंस तर मी दोन दिवस भांडले असते आणि कदाचित हो म्हटलं असतं. तिकडेही पाळणाघरं आहेत. आता विचारलंस तर काय म्हणेन, मला माहीत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. खरंच माहीत नाही.

२४ ला, शनिवारी, ये. मेसेजची वाट बघू नकोस, हेच उत्तर. राहायची बॅग आणू नकोस. हत्यारं आण. फळीचं काय करायचं ते दोघं अंगणात उभं राहून ठरवू. तोपर्यंत तिला मी हात लावणार नाही. शिडी मी काढून ठेवली आहे.

शर्मिला

*

जुन्नर, २२ जून

चि. शर्मिला आणि चि. प्रतीक, दोघांना आशीर्वाद.

नावं या क्रमाने मी मुद्दाम सांगितली. लिहिते आहे संध्या, आमच्या शेजारची. ती शिक्षिका आहे, माझी वाक्यं सुधारायला बघते, मी बघू देत नाही.

मी सुखरूप पोचले त्याला तीन आठवडे होऊन गेले. तुमच्याकडून कागदाचा चिटोरा नाही. प्रतीक, तुझ्या आईने फोनवरून विचारलं तर म्हणे "सगळं मस्त". हे मस्त मला ओळखीचं आहे. म्हणून माझ्याच डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं तेवढं आठवत बसते.

त्या शनिवारी तुम्ही दोघं अंगणात होतात आणि मी स्वयंपाकघरात, काचेच्या आत. या कानांना तुमचा एक शब्द आला नाही. इंग्रजीत होतात की मराठीत, तेही कळलं नाही. आधी बराच वेळ तोंडं हलली. शर्मिला एकदा हात उडवून घराकडे निघाली, दारापर्यंत आली, माझ्याकडे काचेतून पाहिलं आणि परत फिरली. प्रतीक, तू खाली बसलास. मला वाटलं, झालं, बसला हा. पण तू स्क्रू काढत होतास.

फळी उतरवलीत. मग खांबांशी काहीतरी करायला लागलात. खांब उपटताहेत म्हणजे गेलं सगळं, असंच मला वाटलं. मी सारंगला विचारायला पाठवलं. तो येऊन म्हणाला, "पाय लावताहेत." खांब फरशीतून सोडवून तुम्ही घसरगुंडीला तिचे स्वतःचे पाय केलेत. बुटकी केलीत, खाली तो सपाट तुकडा जोडलात. आता ती उचलून कुठेही नेता येईल, इथेही ठेवता येईल. शर्मिलाच्या डोक्यातून निघालं म्हणे ते. मोठं डोकं चालवलंत, पण मी शेती केलेली बाई आहे. ज्याला मुळं नाहीत ते कुठेही ठेवता येतं, हे खरं. वाऱ्याने पडतंही तेच. आणि डीमनच्या चौथ्या मजल्यावर ती कुठे ठेवणार, हे तुम्ही ठरवलं नव्हतंत. मी विचारलं नाही. तुमची तोंडं पाहून वाटलं, एवढंच काय ते त्या दिवशी दोघांच्या हातून उचललं गेलं होतं.

प्रतीक, तू जेवायला बसलास. मी म्हटलं होतं तसं झालं. पण जेवून तू सहाची गाडी धरलीस. जुईने तुला टाटा केला नाही. घसरगुंडीवर जाऊन बसली, आणि घसरलीही नाही. शर्मिला, तू त्या रात्री माझ्या डोक्याला तेल लावलंस, इतक्या दिवसांनी बोललीस, आणि बोललीस काय, तर "आजी, तुमचे केस किती विरळ झालेत." मी म्हटलं, बाई, बोलली हेच पुष्कळ.

पुढचं मला कळवा, असं मी म्हणणार होते. पण आता विचार बदलला. पत्रात तुम्ही दोघंही गाळता. एक कंसात लिहितो, एक ओळी खाते. राहिले आहात की निघाला आहात, एकत्र की दोन घरं, हे तुमच्या अक्षरांतून मला कधीच खरं कळणार नाही, आणि वाचून दाखवणारी संध्या माझी काळजी करून त्यातलंही गाळेल.

म्हणून लिहू नका. योगिनीचा नवरा आशुतोष जुलैत पुण्याला येतो आहे, त्याच्या हाती खायला पाठवा. तिकडे बाजारात जिरं घातलेलं चीज मिळतं ना, पिवळं, जाड सालीचं? ते मला आवडलं होतं. त्याची निवड प्रतीकला कळते. तो चाखून, दुकानदाराशी हुज्जत घालून मऊसर तुकडा आणतो. शर्मिलाने आणलं तर ते वाळकं निघतं. आणि बांधावं शर्मिलाने, ओल्या फडक्यात, वर कागद. प्रतीकने बांधलं तर सगळ्या पिशवीला तेल सुटतं. तेव्हा निवड त्याची हवी आणि गाठ तिची. एकट्याने उरकलंत तर पुडकं सोडताच मला कळेल, आणि मी कोणाला काही बोलणार नाही. अर्धा किलो पुरे. मेथीचं नको, जिऱ्याचंच.